अ‍ॅम्प्लिफायर चोवीस तास चालू ठेवावा काय?

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांच्या दुकानात आज एखादा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बॉक्स असतातच. घरी जुना टेप डेक असतो, होम थिएटर असते, नाहीतर ब्लूटूथचा मोठा बॉक्स असतो. टेलरच्या मशीनपाशी, गॅरेजमध्ये, बेकरीत दिवसभर काही ना काही वाजत असते. ही वस्तू घेताना आपण चार दुकाने हिंडतो, घासाघीस करतो, गॅरंटी कार्डावर शिक्का मारून घेतो. मात्र घेतल्यानंतर ती वापरावी कशी, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

त्यातलाच एक साधा प्रश्न आहे. रात्री दुकान वाढवताना अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा, की आवाज शून्यावर आणून तसाच चालू सोडावा? घरचा सेट रिमोटने बंद केला म्हणजे तो बंद झाला काय?

बीडच्या बाजारात याची दोन उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, "यंत्र सारखे बंद-चालू केले की जळते, चालूच राहू द्या." दुसरे म्हणतात, "चालू ठेवले की गरम होऊन जळते, बंद करा." दोन्ही बाजूंना अनुभवी रिपेअरिंगवाले आहेत आणि दोघेही आपली बाजू छातीठोकपणे सांगतात. मी स्वतः कित्येक वर्षे पहिल्या मताचा होतो. त्यापायी माझे जे नुकसान झाले ते पुढे सांगणारच आहे. आज माझे मत स्पष्ट आहे. निदान आपल्या जिल्ह्यात, आपल्या विजेवर आणि आपल्या उन्हाळ्यात, काम संपले की सेट बोर्डावरूनच बंद केला पाहिजे. याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण पहिल्या मतातही थोडे तथ्य आहे. ते आले कोठून, हे कळल्याशिवाय मनातून जात नाही.

ते आले व्हॉल्व्हच्या जमान्यातून. ज्यांच्या घरी १९७० च्या आसपास मोठा लाकडी रेडिओ होता त्यांना आठवत असेल. बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. आत काचेच्या नळ्या हळूहळू लाल होत, अर्धा मिनिट वाट पाहावी लागे, मग आवाज उमटे. अब्बा सिलोन लावायचे तेव्हा कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधीच रेडिओ सुरू करून ठेवीत आणि आम्हाला बटणाला हात लावू देत नसत. काचेच्या त्या नळीत बल्बसारखी तार असते. थंड तारेतून एकदम जास्त करंट जातो, म्हणून घरचा बल्बसुद्धा बहुधा बटण दाबतानाच "टिक्" करून उडायचा. व्हॉल्व्हचेही तसेच होते. तार तापते, फुगते, थंड होते, आकसते, आणि या ओढाताणीत एखाद्या दिवशी तुटते.

मोठ्या प्रमाणावर हा अनुभव अमेरिकेत आला. १९४६ साली फिलाडेल्फिया येथे एनिअ‍ॅक नावाचा अवाढव्य संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. तेथील इंजिनिअरांच्या लक्षात आले की बहुतेक व्हॉल्व्ह तापताना किंवा थंड होताना जातात. म्हणून त्यांनी यंत्र सहसा बंदच न करण्याचे धोरण ठेवले. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कोलोसस हे गुप्त यंत्र बांधणारे टॉमी फ्लॉवर्स हे टेलिफोन खात्याचे इंजिनिअर होते. टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून त्यांना ठाऊक होते की व्हॉल्व्ह कायम चालू ठेवला तर भरवशाचा असतो. इतर लोक शंका घेत होते, पण फ्लॉवर्स यांनी दीड हजारांवर व्हॉल्व्हचे यंत्र चालवून दाखवले. "बंद-चालू करू नका" हा सल्ला त्या काळी शहाणपणाचा होता, आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या उस्तादांकडून शागिर्दाकडे तो पिढ्यान्‌पिढ्या आला.

मात्र एक गोष्ट शागिर्दांपर्यंत पोहोचली नाही. हजारो व्हॉल्व्हच्या यंत्रात एक जरी गेला तरी सगळे काम थांबते आणि तो शोधण्यात वेळ जातो. घरच्या रेडिओत पाच-सहाच व्हॉल्व्ह असत. शिवाय व्हॉल्व्ह जितके तास तापलेला राहतो तितका तो आतून झिजतो. त्याचे आयुष्य काही हजार तासांचे. वर्षाचे तास होतात ८७६०. म्हणजे घरचा रेडिओ कोणी खरोखर रात्रंदिवस चालू ठेवला असता तर नळ्या लवकरच बदलण्याची पाळी आली असती. व्हॉल्व्हच्या काळातही हा सल्ला घरासाठी नव्हता.

पुढे ट्रान्झिस्टर आला. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो तयार झाला आणि आपल्याकडे पुढच्या दोन-अडीच दशकांत घरोघरी पोहोचला. त्यात तापणारी तार नाही. बटण दाबताच आवाज येतो. आज दुकानात किंवा घरी जो काही सेट आहे त्यात ट्रान्झिस्टर किंवा आयसी आहे. व्हॉल्व्हची काळजी त्याला लागू पडत नाही. तरी सल्ला तोच राहिला. वस्तू बदलली, सवय बदलली नाही.

आपल्या कापड व्यवसायातील लोकांच्या मनात आणखी एक गोष्ट असते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे ज्यांनी यंत्रमाग पाहिले आहेत त्यांना माहीत आहे की मोटार सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, म्हणून कारागीर माग उगाच बंद-चालू करीत नाही. हे खरे आहे. तेच आपण अ‍ॅम्प्लिफायरला लावतो. अ‍ॅम्प्लिफायर सुरू होतानाही क्षणभर जास्त करंट ओढतो. आतले रिकामे कंडेन्सर एकदम भरतात, ट्रान्सफॉर्मर झटका घेतो, कधी बोर्डावरचा पिवळा बल्ब किंचित डोलतो. पण हा झटका सेकंदाच्या छोट्याशा भागापुरता असतो आणि सेट तयार करतानाच त्याचा विचार केलेला असतो. दिवसातून दोन-तीन वेळा बंद-चालू केल्याने चांगल्या सेटला काही होत नाही.

तापण्या-थंडावण्याने आतले सोल्डर कालांतराने सुटते हेही खरे आहे. मेकॅनिक त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. दर ग्राहकामागे सेट बंद-चालू करणाऱ्याने त्याची चिंता करावी. सकाळी एकदा सुरू आणि रात्री एकदा बंद करणाऱ्याने करू नये.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. ट्रान्झिस्टरच्या सेटला म्हातारपण कशाने येते? उष्णतेने. त्यातही सगळ्यात आधी थकतात ते कंडेन्सर, म्हणजे पॉवर सप्लायमधले ते डबीसारखे गोल तुकडे. त्यांच्या आत ओला रासायनिक द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. कंडेन्सर थकला की बॉक्समधून "घूं" असा आवाज येऊ लागतो, आवाजात दम राहत नाही, आणि कधी त्याचे डोके फुगून वर येते. सेट उघडलेला असेल तेव्हा कंडेन्सरवर छापलेले वाचा. ८५ डिग्री किंवा १०५ डिग्री असे लिहिलेले असते. त्या उष्णतेला तो किती तास टिकेल हे कंपनी ठरवून देते. साध्या मालाचे साधारण एक ते दोन हजार तास असतात. उष्णता १० डिग्रीने कमी झाली की आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे.

आता आपण व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडू. कंडेन्सर ८५ डिग्री व २००० तासांचा धरा. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या दुकानात दुपारी ४० डिग्री असणे ही नवलाची गोष्ट नाही. चालू सेटच्या पेटीत त्याहून १५ डिग्री जास्त धरले तर ५५ होतात. ८५ वरून ५५, म्हणजे तीन वेळा दुप्पट. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा हजार तास. सेट रोज चार तास चालला तर हे सोळा हजार तास चार हजार दिवस पुरतात, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे. तोच सेट चोवीस तास चालू ठेवला तर ६६७ दिवसांत, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या आसपास, हिशेब संपतो. आवाज शून्यावर होता म्हणून फारशी सूट मिळत नाही, कारण जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर गप्प असतानाही तापतो. हात लावून पाहा, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूची पेटी कोमट लागेल. हा हिशेब ढोबळ आहे. बारा महिने मे नसतो, रात्री हवा थंड होते, आणि कंडेन्सर तास भरले म्हणून त्याच दिवशी मरत नाही. तरी एका बाजूला दोन वर्षे आणि दुसऱ्या बाजूला अकरा, एवढा फरक असेल तर सौदा कोणता करायचा हे कोणाला सांगावे लागू नये.

यात आपणच एक भर घालतो. घरातल्या बायका मोठ्या हौसेने सेटवर भरतकामाचे कव्हर घालतात. दुकानात आपण धूळ बसू नये म्हणून कापडाचा तुकडा टाकतो, आणि तुकड्यांची तर आपल्याकडे कमी नाही. सेट बंद असताना कव्हर अवश्य घालावे. चालू सेटवर घातले की जाळीतून बाहेर जाणारी गरम हवा कोंडते. पेटीतली उष्णता आणखी १० डिग्री वाढली तर वरच्या हिशेबातले सोळा हजार तास आठ हजारांवर येतात. मी कापडाचा व्यापारी आहे, कापडाविरुद्ध बोलणे मला शोभत नाही, पण चालू अ‍ॅम्प्लिफायरवर कापड नको.

येथपर्यंतच्या गोष्टी पुणे, मुंबई, सगळीकडे सारख्याच लागू आहेत. बीड जिल्ह्यासाठी याहून मोठे कारण म्हणजे वीज.

२००५ नंतरच्या काही वर्षांत आपण लोडशेडिंगचे दिवस पाहिले. रोज ठरलेल्या तासांना लाइट जायची, आणि न ठरलेल्या तासांनाही जायची. आपल्याच जिल्ह्यात परळी वैजनाथला औष्णिक वीज केंद्र आहे, तरी अंधार आपल्याच वाट्याला, असे लोक वैतागून म्हणत. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले. आज तशी वेळापत्रकाची लोडशेडिंग राहिलेली नाही. परंतु वारा सुटला की लाइट जाणे, उन्हाळ्यात डीपीवर भार वाढून लाइट डिम-फुल होणे, पंप बंद झाले की रात्री दाब चढणे, हे गेवराई, आष्टी, पाटोदा, धारूर येथील बंधूंना मी नव्याने सांगायला नको.

लाइट जाते तेव्हा सेटचे फारसे बिघडत नाही. ती परत येते तेव्हा बिघडते. साऱ्या गल्लीतले फ्रीज, पंखे, मोटारी एकदम सुरू होतात. एकदा आली, दोन सेकंदांत गेली, पुन्हा आली, असे तीन-चार झटके बसतात. त्या झटक्यांत जो सेट चालू बटणावर आहे तो सगळे सोसतो, बंद असलेला सोसत नाही. "बंद-चालू केल्याने सेट जळतो" म्हणून ज्याने तो चालू ठेवला, त्याचा सेट आपल्याकडे दिवसातून चार वेळा बंद-चालू होतोच. फक्त ते बंद-चालू त्याच्या हातात नसते, आणि व्हायला नको अशा वाईट क्षणी होते.

आता माझी गोष्ट. २००९ च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, मी रात्री दुकान वाढवून घरी गेलो. अ‍ॅम्प्लिफायर नेहमीप्रमाणे चालू होता, आवाज शून्यावर. रात्री वादळी वारा सुटला आणि कोठेतरी खांबावरची न्यूट्रल तार तुटली. सकाळी शटर उचलले तर जळाल्याचा उग्र वास. ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता, वर टाकलेला कापडाचा तुकडा अर्धा जळून विझला होता, आणि शेजारच्या फळीवर टेरिकॉटचे दोन तागे एका बाजूने वितळून चिकटले होते. ट्यूबलाइटचा चोकही गेला होता. शेजारच्या दुकानदाराने रात्री मेन स्विच खाली पाडलेला होता. त्याचे काहीही गेले नाही.

न्यूट्रल तुटल्यावर काय होते ते समजून घ्या, कारण आपल्याकडे हे अधूनमधून घडते. डीपीवरून तीन फेज येतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल शाबूत असेल तोवर हे ४०० आपल्यापर्यंत येत नाहीत. तो तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे व दुकाने एकमेकांना जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान होत नाही. ज्या फेजवर भार जास्त तेथे दाब कमी, आणि जेथे भार कमी तेथे दाब जास्त चढतो. रात्री बाजार बंद असतो, आमच्या फेजवर माझा एकटा अ‍ॅम्प्लिफायर आणि एक ट्यूब. घराघरांत पंखे, कूलर चालू. ४०० व्होल्टचा मोठा हिस्सा आला माझ्याकडे. बंद बाजारात चालू राहिलेली एकटीदुकटी वस्तू सर्वांत जास्त मार खाते, हे मला त्या दिवशी एका जाणत्या वायरमनने कागदावर रेघा मारून समजावले.

पुढे मेकॅनिकने पेटी उघडली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. फ्यूजच्या काचेच्या नळीच्या जागी कोणीतरी कधीकाळी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. नळी असती तर ती चटकन उडाली असती आणि ट्रान्सफॉर्मर वाचला असता. नळी मिळते चार-दोन रुपयांना. आपला सेट दुरुस्तीहून आला की फ्यूजच्या जागी नळीच आहे ना, आणि ती छापील अँपिअरचीच आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या. उस्ताद रागावले तरी चालेल.

अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे गेले त्याचे मला फार वाटले नाही. त्या दोन ताग्यांकडे पाहून मात्र हातपाय गार पडले. फळीवर आणखी साठ-सत्तर तागे होते, खाली साड्यांचे गठ्ठे होते. पॉलिस्टर सुमारे २५० डिग्रीला वितळते, इस्त्री जास्त गरम झाली की चिकटते ती याचमुळे. वितळलेले पॉलिस्टर पेटले की थेंब थेंब खाली पडते आणि खालच्या गठ्ठ्याला आग लावते. बंद शटरमागे रात्री दोन वाजता हे होत असेल तर कोणाला कळणार? कापड, गादी-कापूस, लाकूड, रद्दी, चप्पल, रंग यांचा धंदा करणाऱ्यांनी रात्री चालू राहणाऱ्या प्रत्येक पिनेचा याच दृष्टीने विचार करावा. सैल झालेली पिन, होल्डरमध्ये काळा पडलेला भोक, उंदराने कुरतडलेली वायर, एका एक्स्टेंशन बोर्डावर चढवलेल्या पाच पिना, हे सगळे दिवसा आपल्या नजरेसमोर असते. रात्री नसते. आता मी शटर ओढण्याआधी मेन स्विच खाली पाडतो. देवघेवीची वही बंद करण्याइतकीच ती सवय झाली आहे.

बिलाचा प्रश्न त्यामानाने लहान आहे, पण व्यापाऱ्याने लहान आकडाही पाहावा. जुन्या पद्धतीचा मध्यम अ‍ॅम्प्लिफायर काहीही न वाजवता साधारण २० ते ४० वॅट खातो. ३० धरू. दुकान दहा तास उघडे, चौदा तास बंद. बंद तासांत रोज ०.४२ युनिट, वर्षाला सुमारे १५३ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर दीड हजारांहून अधिक रुपये, आणि त्या बदल्यात एक गाणेही नाही. घरचा जुना होम थिएटर रिमोटने बंद केल्यावर लाल दिवा लावून १० वॅट खात असेल तर वर्षाला ८७ युनिट होतात. लाल दिवा म्हणजे सेट झोपला आहे, बंद झालेला नाही, आणि वीज त्याच्यापर्यंत पोहोचलेली आहे. साऱ्या जगात हा खर्च इतका वाढला की १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने झोपलेल्या यंत्राने एका वॅटपेक्षा जास्त खाऊ नये असे उद्दिष्ट पुढे ठेवले, आणि युरोपात २०१३ पासून बऱ्याचशा घरगुती यंत्रांना अर्ध्या वॅटची मर्यादा आली. त्यामुळे आजचा नवा सेट असेल तर बिलाची चिंता जवळजवळ नाही. दाबाची व विजेच्या कडकडाटाची मात्र नव्यालाही तितकीच आहे, किंबहुना जास्तच. जुना जड ट्रान्सफॉर्मर थोडाफार मार सोसायचा. नव्या हलक्या पॉवर सप्लायचा बोर्ड जळाला की दुरुस्तीवाला हात वर करतो.

मृगाच्या आगेमागे वीज कडाडते तेव्हा तर बटण बंद करणेही पुरेसे नाही. पिन उपसून ठेवावी. डिशची केबल सेटला जोडलेली असेल तर तीही काढावी. पुष्कळ लोक पिन काढतात आणि केबल तशीच ठेवतात, मग छतावरच्या डिशवाटे झटका येतो. हे काम ढग जमू लागतानाच करावे, कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नये.

मग चालू ठेवण्यासारखे कधीच नसते काय? असते. दुकान उघडे आहे, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने वाजवायचे आहे, तर दर वेळी बंद करण्याची गरज नाही, आवाज कमी करावा. जेवणासाठी किंवा नमाजसाठी घटकाभर उठलो तरी चालू राहिला तर बिघडत नाही. दोन-तीन तासांची सुट्टी असेल तर बंद करावा. काही हौशी लोकांचे महागडे सेट असतात, ते म्हणतात की सेट गरम झाल्याशिवाय आवाज खुलत नाही. त्यांनी ऐकण्याआधी अर्धा तास सुरू करावा, आदल्या रात्रीपासून नको. आणि सेट वर्षानुवर्षे अगदीच बंद पडून राहणेही चांगले नाही. वापराविना कंडेन्सर आतून बिघडतो, बटणांवर गंज चढतो, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते. माळ्यावर ठेवलेला सेट महिन्यातून एकदा अर्धा तास हलक्या आवाजात वाजवावा.

मशिदीच्या अ‍ॅम्प्लिफायरविषयी अनेक जण विचारतात. पाच वेळा अजान, म्हणजे दिवसातून पाच वेळा सुरू व पाच वेळा बंद. त्याने सेटला काही होत नाही, खुशाल करावे. तेथे अडचण दुसरीच असते. हे सेट बहुधा विजेवर व बॅटरीवर दोन्हीवर चालतात, आणि अनेकांत लाइट गेली की सेट आपोआप बॅटरीवर जातो. चालू राहिलेला सेट मग गुपचूप बॅटरी पीत बसतो आणि फजरच्या वेळी आवाज निघत नाही. बॅटरी एकदा पूर्ण उतरली की तिचे आयुष्यही घटते, आणि नवी बॅटरी स्वस्त नाही. शिवाय माइक चालू राहिला तर वजूखान्याजवळच्या गप्पा साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जातात, तो अनुभवही पुष्कळांच्या गाठीशी असेल.

इन्व्हर्टरवर सेट चालवणाऱ्यांनी इतके लक्षात ठेवावे की स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा सेट गुणगुणतो आणि जास्त तापतो. त्यावर तो रात्रभर ठेवूच नये. ब्लूटूथच्या बॉक्सचीही पिन अहोरात्र चार्जिंगला लावून ठेवू नये. आतली लिथियम बॅटरी भरलेल्या अवस्थेत गरम जागी पडून राहिली की लवकर उतरते. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच.

स्टॅबिलायझर घ्यावा काय? फ्रीजला आपण घेतो, पण त्याहून महाग सेटला घेत नाही. ज्याच्या गल्लीत लाइट रोज डिम-फुल होते त्याने घ्यावा. मात्र घेताना विचारावे की दाब फार चढला तर हा पुरवठा तोडतो काय, आणि लाइट परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मग सोडतो काय. हे दोन गुण नसतील तर तो नुसता डबा आहे.

बंद-चालू करण्याचीही एक रीत आहे. सुरू करताना आवाज शून्यावर ठेवून आधी डेक, मोबाइलचा रिसीव्हर किंवा मिक्सर चालू करावा, अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी. बंद करताना उलट, अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत आधी. क्रम चुकला की बॉक्समधून "धप्प" असा आवाज येतो. तो धक्का बॉक्सच्या कागदी पडद्याला आणि आतल्या बारीक तारेच्या वेटोळ्याला बसतो. बॉक्स फाटतात त्यातले काही मोठ्या आवाजाने फाटतात, काही या रोजच्या धप्पने. मोठा स्पीकर तर बऱ्यापैकी सोसतो, वरचा लहान ट्विटर सोसत नाही. आवाज वरचेवर "बसल्यासारखा" वाटू लागला तर आधी ट्विटर तपासा.

लाइट गेली की उठून सेटचे बटण बंद करावे, आणि ती परत आल्यावर पाच-दहा मिनिटे स्थिर राहू देऊन मगच सुरू करावा. ज्यांच्याकडे अजून कॅसेटचा डेक आहे त्यांनी त्याच वेळी प्लेचे बटणही वर उठवावे. लाइट मध्येच गेली तर जुन्या डेकचे बटण दाबलेलेच राहते, आतला रबरी रोलर लोखंडी दांडीवर दाबून बसतो आणि रात्रभरात त्याला खड्डा पडतो. माझ्या डेकच्या रोलरला असाच खड्डा आहे. नवा रोलर आता बीडमध्ये मिळत नाही, औरंगाबादला दोनदा विचारून आलो. अब्बांच्या काळातल्या कॅसेटी त्यावर लावल्या की गाणारा दर दोन क्षणांनी किंचित डोलतो.